माती बसते

आमच्या वसईत १ नोव्हेंबरला सर्व संतांचा सण. सकाळची मिस्सा होते आणि दुपारी उन्हं कलली, की घरोघरची माणसं कोयता, घमेलं आणि चुन्याचा डबा घेऊन देवळामागच्या सिमेट्रीत उतरतात. दुसऱ्या दिवशी, २ तारखेला, मृतांचा स्मरणदिन. इसवी सन ९९८च्या सुमारास फ्रान्समधल्या क्लुनी मठाचे प्रमुख ओदिलो यांनी ही तारीख आपल्या मठांना घालून दिली, आणि पुढे ती सगळ्या कॅथलिक जगाची झाली.

बाबांच्या थडग्यावर पावसाळ्यातलं गवत गुडघाभर माजलं होतं. ते मुळासकट उपटायचं. नुसतं छाटलं तर नाताळाच्या आत पुन्हा उभं राहतं. मग क्रूसावरचा जुना चुना खरवडायचा, फडकं मारायचं, नवा हात द्यायचा. नाव सगळ्यात शेवटी, काळ्या रंगानं. चुना ओला असताना ब्रश टेकवला तर अक्षर फुटतं, म्हणून वाळेपर्यंत बसून राहावं लागतं.

शेजारी यंदा जूनमध्ये पुरलेल्या एका आजोबांचं थडगं होतं. मधोमध चांगला वीतभर खळगा पडलेला. त्यांचा नातू बावरून बघत राहिला. खड्डे खणणारे काका आले.

"आतली पेटी बसली, की वरची माती बसते. घाबरायचं नाय, भरायचं."

त्यांनी दोन घमेली माती ओतली, फावड्याच्या पाठीनं थोपटली. नातवानं वर झेंडू पसरला.

सिमेट्री लहान आणि गाव वाढलेलं. त्यामुळे काही वर्षांनी जुनी जागा पुन्हा उघडतात. आधीच्या माणसाची हाडं बाजूला काढून तळाशी पुरतात, किंवा भिंतीतल्या कोनाड्यात ठेवतात. बाबांच्या खाली आजोबा आहेत. मी नाव लिहायला घेतलं तशी आई म्हणाली, "अक्षरं एवढी मोठी नको काढूस. खाली माझं यायचंय." आणि पाकळ्या निवडत राहिली.

वसईच्या किल्ल्यात फ्रान्सिस्कन मठाच्या पडक्या देवळात पोर्तुगीजांच्या समाधीशिला आहेत. आमच्या चुन्याच्या क्रूसांपेक्षा त्या कितीतरी भक्कम. नावं दगडात कोरलेली. पण १७३९मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला आणि ती घरंच इथून उठली. त्या नावांवरचं गवत काढायला घरचं कुणी उरलं नाही.

२ तारखेच्या संध्याकाळी फादर पवित्र पाणी शिंपडत थडग्यांच्या रांगांमधून फिरले. मेणबत्त्या इतक्या, की पायाखाली बघूनच चालावं लागत होतं. त्या नातवानं आपली मेणबत्ती लावली आणि दुसरी, शेजारच्या बिननावाच्या क्रूसापाशी.

३ तारखेला सकाळी काका थापीनं मेण खरवडत होते. १ ते ८ नोव्हेंबरमध्ये सिमेट्रीत जाऊन मृतांसाठी केलेल्या प्रार्थनेला चर्चनं खास कृपेचं मोल दिलं आहे, म्हणून उशिरा येणारेही असतात. तुम्हाला २ तारखेला जमलं नसेल, तर ८ पर्यंत या. चुना आणि ब्रश काकांकडे असतो.