आशा पुथलींची दोन गाणी
देशोदेशीचे आवाज : लेखांक ९

ऑर्नेट कोलमन या अमेरिकी सॅक्सोफोनवादकाने सप्टेंबर १९७१ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया स्टुडिओत ‘सायन्स फिक्शन’ ही तबकडी ध्वनिमुद्रित केली. तिच्यातली ‘व्हॉट रीझन कुड आय गिव्ह’ आणि ‘ऑल माय लाइफ’ ही दोन गाणी मुंबईत वाढलेल्या आशा पुथली यांच्या आवाजात आहेत. जॅझच्या इतिहासात त्यांना जागा मिळाली ती मुख्यतः या दोन गाण्यांमुळे. मुंबईची एक तरुणी अमेरिकेत पोचते आणि थेट कोलमनच्या स्टुडिओत उभी राहते, ही हकिकत बहुतेकदा नशिबाची किमया म्हणून सांगितली जाते. नशिबाचा भाग होताच. पण त्या गाण्यांना ज्या प्रकारचा कान लागतो तो रागसंगीताच्या तालमीत तयार होतो आणि पुथली तो मुंबईहून घेऊनच गेल्या होत्या, असे माझे म्हणणे आहे.

त्यांचा जन्म १९४५ चा. हिंदुस्थानी संगीत आणि पाश्चात्त्य ऑपेरा या दोन्हींचे शिक्षण त्यांना मुंबईतच मिळाले. शहरात जॅझ नवा नव्हता. ताजमहाल हॉटेलात १९३० च्या दशकापासून कृष्णवर्णीय अमेरिकी वादक वाजवत होते आणि त्यांच्याकडून विद्या उचललेले गोमंतकीय वादक पुढे सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात शिरले. अशा शहरात पुथली बँडबरोबर गाऊ लागल्या आणि १९६० च्या दशकाच्या अखेरीस ‘द सर्फर्स’ या बँडबरोबर त्यांची इंग्रजी गाण्यांची छोटी तबकडीही निघाली. लेखक वेद मेहता यांनी ‘पोर्ट्रेट ऑफ इंडिया’ या १९७० च्या पुस्तकात त्यांच्याविषयी लिहिले. परदेशी जाता यावे म्हणून त्यांनी हवाईसुंदरीची नोकरी केली होती. अमेरिकेत मार्था ग्रॅहम यांच्या नृत्यसंस्थेची शिष्यवृत्तीही मिळाली. मेहतांचा मजकूर जॉन हॅमंड यांनी वाचला. बिली हॉलिडे आणि बॉब डिलन यांना हेरणारे कोलंबिया कंपनीचे हेच ते हॅमंड. त्यांच्यामार्फत पुथली कोलमनपर्यंत पोचल्या.

आता मूळ मुद्दा. अमेरिकी जॅझ गायिकेचा कान कॉर्डवर पोसलेला असतो. कॉर्ड म्हणजे एकाच वेळी वाजणारे तीन-चार स्वर. गाण्यात ठरलेल्या मात्रांवर कॉर्ड बदलत जातात आणि गायिका मूळ चाल लांबवते, वळवते, मोडते ती या बदलांच्या आधाराने. कुठे आहोत हे तिला पियानो सांगत असतो. कोलमन यांनी १९५९ च्या आपल्या गाजलेल्या चौकडीत पियानो ठेवलाच नाही. चालीने कॉर्डच्या मागे जाऊ नये, साथीने चालीला अनुसरावे, अशी त्यांची धारणा होती. अमेरिकेत यावरून मोठे वाद झाले. आपल्या कानाला मात्र ही व्यवस्था अगदी ओळखीची आहे. गोंदिया-भंडाऱ्याकडच्या खंजिरी भजनात पेटी गाणाऱ्याच्या मागोमाग तीच चाल वाजवते, आणि सूर सांभाळायची जबाबदारी गाणाऱ्याचीच असते. ख्याल गाणाऱ्याचा तर मुख्य आधार तानपुऱ्याचा षड्जच असतो. एकदा षड्ज कानात पक्का झाला की बाकी सगळे अंतर गळ्याने मोजायचे. पुथलींच्या दोन्ही गाण्यांत आवाज आणि सनई-तुतारीच्या जातीची वाद्ये संथ, लांब स्वरांत जवळजवळ एकत्र सरकतात. खाली चार्ली हेडन यांचा बास, आणि बिली हिगिन्स व एड ब्लॅकवेल असे दोन ड्रमवादक वेगळ्याच गतीने खळाळत असतात. इथे गायिकेला ना कॉर्डचा खांब मिळतो ना ठेक्याचा.

यावर पहिला आक्षेप संगीत जाणणारेच घेतील. ख्यालात ताल पक्का असतो, समेवर यावेच लागते. या गाण्यांत समच नाही, मग तालीम कामाला आली कशी? आक्षेप रास्त आहे, बंदिशीपुरता. पण बंदिशीआधीचा आलाप अनिबद्धच असतो. मात्रा न मोजता, केवळ श्वासाच्या आणि स्वराच्या वजनावर वाक्य पुरे करायचे, हे गाणारा तिथे शिकतो, आणि पुथलींनी इथे तेच केले आहे. दुसरा आक्षेप असा की चाल कोलमन यांनी बांधलेली होती. त्यात रागविस्तार कुठे आहे? विस्तार नाही, हे खरेच. माझा दावाही विस्ताराचा नाही, आधाराविना स्वर धरून ठेवण्याचा आहे. तिसरा आक्षेप अधिक वजनदार. त्या काळात पश्चिमेत भारतीय रंगाची हौस होती. जॉन कोल्ट्रेन ‘इंडिया’ वाजवून गेले होते, जो हॅरियट आणि जॉन मेयर यांचा ‘इंडो-जॅझ स्वीट’ १९६६ मध्ये निघाला होता. पुथलींची निवडही त्याच हौसेतून झाली नसेल कशावरून? उत्तर तबकडीतच आहे. या गाण्यांत सतार नाही, तानपुरा नाही, गायिकेने मुरकीची नक्षीही मिरवलेली नाही; शब्द इंग्रजी आहेत आणि उच्चार स्वच्छ. भारतीयपण शोभेसाठी हवे असते तर ते ऐकू आले असते. ऑपेराच्या शिक्षणाचे श्रेयही नाकारता येत नाही. वरच्या पट्टीत आवाज न चिरता लांबवणे बहुधा तिथूनच आले. मात्र ऑपेरातही ऑर्केस्ट्रा कॉर्डची जमीन देतोच, तेव्हा सगळे श्रेय तिकडे टाकता येणार नाही.

एवढे होऊनही त्यांची पुढची वाट जॅझची राहिली नाही. १९७३ मध्ये सीबीएसने लंडनहून काढलेल्या ‘आशा पुथली’ या तबकडीत जॉर्ज हॅरिसन, जे. जे. केल यांची गाणी आहेत. १९७६ च्या ‘द डेव्हिल इज लूज’मध्ये त्या डिस्कोच्या उंबरठ्यावर आहेत. तिच्यातले ‘स्पेस टॉक’ न्यूयॉर्कच्या नृत्यसभांत गाजले आणि १९९७ मध्ये नोटोरियस बी. आय. जी. या रॅपरच्या तबकडीत त्याचा तुकडा वापरला गेला. जॅझ सोडला म्हणून काही अभ्यासकांनी त्यांना बाजूला सारले. मला हे अन्यायाचे वाटते. कोलमन वाजवत त्या ठरलेल्या कॉर्ड नसलेल्या ‘मुक्त जॅझ’च्या मैफलींवर तेव्हा वादकांचेच पोट भरत नव्हते, आणि गायिकेसाठी कंपन्यांकडे सोयीचे खाते होते ते पॉपचे. शिवाय ‘स्पेस टॉक’ नीट ऐकले तर ठेका कितीही ठाम असला तरी आवाज त्यावर बसत नाही, घसरत, रेंगाळत वरून जातो. ती सवय १९७१ च्या गाण्यांतलीच आहे.

ज्यांना ही दोन गाणी ऐकायची आहेत त्यांनी आधी ‘व्हॉट रीझन कुड आय गिव्ह’ घ्यावे. पहिल्यांदा फक्त आवाज ऐकावा, दुसऱ्यांदा फक्त ड्रम, आणि तिसऱ्यांदा मनाशी षड्ज धरून पाहावा. तिसऱ्या वेळी षड्ज निसटतो. पुथलींचा निसटत नाही.