संग्रह आणि लोकसंग्रह : बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीची वाटचाल

'लोकसंग्रह' हा शब्द आपल्या ओळखीचा आहे. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात तो येतो, आणि टिळकांनी 'गीतारहस्या'त त्याला फार मोठं स्थान दिलं. लोकांना धरून ठेवणं, समाजाची घडी विस्कटू न देणं, असा त्याचा साधारण अर्थ. पण असा शब्द उच्चारला की लगेच विचारलं जातं, हे व्यवहारात दिसतं कुठे? प्रश्न रास्त आहे. तत्त्वज्ञानाची माणसं शब्दांवर शब्द रचत जातात आणि जमीन विसरतात. म्हणून आज आपण एका संस्थेची गोष्ट पाहू. ती मुंबईतली आहे, हौशी माणसांनी सुरू केलेली आहे, आणि तिचं वय एकशे चाळीस वर्षांहून जास्त आहे.

आधी प्रश्न नीट मांडू या. आपल्या सगळ्यांच्या पाहण्यात एखादं तरी हौशी मंडळ असतं. कुठे गिर्यारोहकांचं, कुठे वाचनालयाचं, कुठे पक्षी बघणाऱ्यांचं. पहिली दोन-तीन वर्षं उत्साह असतो. मग लक्षात येतं की सगळा भार एकाच माणसावर आहे. तो माणूस बदलीवर जातो, आजारी पडतो किंवा नुसता कंटाळतो. कपाटाची किल्ली त्याच्याकडेच राहते आणि मंडळ संपतं. हौस खरी असूनही असं का होतं? आणि काही मंडळं टिकतात, वाढतात, ती कशामुळे?

आठ माणसं आणि एक ठराव

१५ सप्टेंबर १८८३ रोजी भायखळ्याच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आठ माणसं जमली. राणीच्या बागेतलं आजचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय, तेच हे. त्यांनी ठरवलं ते अगदी साधं होतं. अधूनमधून भेटायचं, आपण पाहिलेलं एकमेकांना सांगायचं, जमवलेले नमुने दाखवायचे. बस्स. जंगलं वाचवायची, जनजागृती करायची असं काही त्या दिवशी कोणाच्या डोक्यात होतं असं दिसत नाही.

या आठांत सहा युरोपियन आणि दोन भारतीय होते. एक डॉ. आत्माराम पांडुरंग, प्रार्थना समाजाचे संस्थापक आणि मराठी व्याकरणकार दादोबा पांडुरंगांचे बंधू. दुसरे डॉ. सखाराम अर्जुन, वनस्पतींचे जाणकार आणि डॉ. रखमाबाईंचे सावत्र वडील. रखमाबाईंचा खटला पुढे गाजला, तो आपल्याला ठाऊक आहे. म्हणजे बघा, समाजसुधारणेचा मुंबईतला प्रवाह आणि निसर्ग बघण्याची हौस एका खोलीत येऊन बसली होती. दुर्दैवाने सखाराम अर्जुन १८८५ मध्येच वारले.

मद्याच्या दुकानातलं कपाट

भेटी सुरू झाल्या, नमुने येऊ लागले. फुलपाखरं, साप, पक्ष्यांची कातडी, अंडी. पण ठेवायचं कुठे? १८८४ च्या जानेवारीत फिप्सन नावाच्या गृहस्थांनी फोर्टातल्या फोर्ब्स स्ट्रीटवरच्या आपल्या पेढीतली जागा देऊ केली. हे फिप्सन मद्याचे व्यापारी. तेव्हा आज देशभर मान असलेल्या या संस्थेचं पहिलं बिऱ्हाड मद्यविक्रेत्याकडे होतं, याची गंमत वाटते. या फिप्सनांच्या पत्नी म्हणजे कामा हॉस्पिटलच्या डॉ. एडिथ पीची. रखमाबाईंना इंग्लंडला जाऊन डॉक्टर होण्यासाठी ज्यांचा मोठा आधार मिळाला, त्याच या बाई. धागे कुठे कुठे जुळतात पहा.

आता या कपाटाकडे जरा थांबून बघू या. कारण आमच्या मते संस्था खरी जन्मली ती इथे. एखाद्याच्या घरी फुलपाखरांची पेटी असते, ती त्याची असते. तो गेला की वारसांना त्या पेटीचं काय करावं ते कळत नाही, आणि वाळवी आपलं काम करते. तीच पेटी समाईक कपाटात आली की दोन गोष्टी बदलतात. एक, नमुन्याबरोबर चिठ्ठी लावावी लागते. कुठे मिळाला, कधी, कोणाला. घरातल्या पेटीला चिठ्ठी लागत नाही, कारण मालकाला सगळं आठवत असतं. चिठ्ठी ही न भेटलेल्या माणसासाठी लिहायची असते, कदाचित अजून जन्मालाही न आलेल्या. दुसरं, 'माझा नमुना' या शब्दांतला 'माझा' हळूहळू सैल होतो. ज्याने आणला त्याचं नाव चिठ्ठीवर राहतं, पण वस्तू सगळ्यांची होते. संग्रहाचा लोकसंग्रह होण्याची ही पहिली पायरी. उपदेश कोणी केला नव्हता हं. कपाटाच्या शिस्तीनेच ते घडवलं.

कोणाचंही निरीक्षण, पण नियमाने

१८८६ मध्ये संस्थेचं 'जर्नल' निघालं. ते आजही निघतं. त्यात मोठे लेख तर असतच, पण सुरुवातीपासून छोट्या टिपणांनाही जागा होती. वनखात्यातला अधिकारी, चहाच्या मळ्यातला माणूस, रेल्वेचा इंजिनिअर, पलटणीतला डॉक्टर, कोणीही चार ओळी पाठवाव्यात. अमुक पक्षी अमुक ठिकाणी अमुक तारखेला दिसला, त्याच्या घरट्यात इतकी अंडी होती. पदवी कोणी विचारत नसे. मात्र ठिकाण आणि तारीख पाहिजेच, आणि पाहिलं काय नि ऐकलं काय हे वेगळं ठेवलं पाहिजे.

आम्ही आयुष्यभर ज्ञानमीमांसा शिकवली. वर्गात 'प्रत्यक्ष' आणि 'शब्द' या प्रमाणांवर तासच्या तास बोललो. इथे तोच विचार पोस्टाने येणाऱ्या टिपणांतून चालू होता. एकट्याच्या पाहण्याला किंमत मर्यादित. तेच पाहणं दुसऱ्याला तपासता येईल अशा रीतीने लिहून ठेवलं की ते ज्ञानाच्या साठ्यात जमा होतं. हौशी माणसाला यात मान मिळतो आणि जबाबदारीही येते. नुसता मान दिला तर मंडळ गप्पांचं होतं, नुसती जबाबदारी टाकली तर माणसं पळतात.

किल्ली पुढे देणं

पहिले मानद सचिव एटकिन. नोकरी जकात आणि मिठाच्या खात्यात, पण 'ईहा' या नावाने प्राण्यापक्ष्यांवर मिश्कील लिहिणारे. त्यांच्यानंतर १८८६ पासून वीस वर्षं फिप्सन. १९०६ पासून पुढे मिलर्ड, तेही फिप्सनांच्याच पेढीतले. 'मानद' म्हणजे पगार नाही. दिवसा व्यापार, उरलेल्या वेळात पत्रव्यवहार, जर्नल, नमुने. ऑफिसात कारवारहून आलेला एक महाधनेश पक्षी होता, विल्यम नावाचा. तो सव्वीस वर्षं जगला. सचिव बदलले तरी विल्यम तिथेच! संस्थेच्या बोधचिन्हावर आज जो धनेश दिसतो, तो त्याचीच आठवण आहे.

१९०८ च्या सुमाराला एक शाळकरी मुलगा मेलेली चिमणी घेऊन मिलर्डांकडे आला. त्याने ती छऱ्याच्या बंदुकीने मारली होती, आणि तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. मुलाचे मामा अमीरुद्दीन तय्यबजी संस्थेचे सभासद, त्यांनी चिठ्ठी देऊन पाठवलं होतं. मिलर्डांनी पक्षी ओळखून दिला, मुलाला खणामागून खण उघडून पेंढा भरलेले पक्षी दाखवले, वाचायला पुस्तकं दिली. मुलाचं नाव सालिम अली.

ही गोष्ट आपण बहुतेक 'एका महान माणसाचं बालपण' म्हणून ऐकतो. आज ती संस्थेच्या बाजूने पाहू. व्यापार सांभाळून बिनपगारी काम करणाऱ्या माणसाने एका अनोळखी पोरासाठी वेळ काढला. खण उघडता आले कारण ते भरलेले होते, आणि ते भरले होते पंचवीस वर्षांत अनेक हातांनी. सालिम अलींची बुद्धी त्यांची स्वतःची, यात वाद नाही. पण दार उघडं नसतं तर? तेव्हा संस्थेची वाढ मोजायची असेल, तर नव्याने येणाऱ्याला तिथे काय मिळतं ते आधी बघावं, असं आम्हाला वाटतं. सभासदांचा आकडा त्यानंतर.

हौस, पगार आणि प्रश्न

१९११ मध्ये सस्तन प्राण्यांची पाहणी सुरू झाली. पुढच्या बारा-तेरा वर्षांत भारत, ब्रह्मदेश आणि लंकेतून वीस हजारांहून जास्त नमुने गोळा झाले. हे काम रविवारच्या हौसेने होणारं नव्हतं. सभासदांच्या वर्गण्या गोळा करून पगारी संग्राहक नेमावे लागले. इथे प्रत्येक स्वयंसेवी संस्थेपुढचा प्रश्न उभा राहतो. काहींना पगार, काहींना नाही, मग निष्काम वृत्तीचं काय?

आमचं उत्तर असं. निष्काम कर्म म्हणजे फुकट कर्म नव्हे. काम पैशासाठी वाकवायचं नाही, एवढाच त्याचा अर्थ. सालिम अलींनी संस्थानांमधल्या पक्ष्यांच्या पाहण्या केल्या, तेव्हा त्यांना नोकरी नव्हती, तरी खर्च भागला तर मोबदला नको असं त्यांनी सुचवलं. उलट प्रेटर पगारी क्युरेटर होते, आणि त्यांनी भारतीय प्राण्यांवर लिहिलेलं पुस्तक लोक आजही वापरतात. दोघांचंही काम खणखणीत. दोघांच्या कामाला चिठ्ठीचा तोच नियम लागू होता.

आता दुसरी बाजू सांगितली पाहिजे, नाहीतर हे नुसतं गौरवगीत होईल. ही संस्था बराच काळ साहेबांची होती. सुरुवातीला दोन भारतीय असले तरी कारभार युरोपियन हातांत होता. जंगलात वाट दाखवणारे, सापळे लावणारे, झाडावर चढून घरटं काढणारे आदिवासी आणि गावकरी, यांची नावं चिठ्ठीवर क्वचितच आली. आणि तेव्हाचा निसर्गप्रेमी बहुधा शिकारीही असे. पाहणं आणि मारणं यांत त्याला विसंगती वाटत नसे.

१९४७ नंतर युरोपियन सभासद मायदेशी गेले. संस्थेचे पैसे आटले. अनेक संस्था अशा वेळी मिटतात. इथे सालिम अलींनी थेट पंतप्रधान नेहरूंपर्यंत जाऊन सरकारी मदत मिळवली. हुमायून अब्दुलाली हे व्यावसायिक मानद सचिव झाले. वन्य प्राणी आणि पक्ष्यांच्या रक्षणासाठी मुंबई राज्यात १९५१ साली कायदा झाला, त्यामागे त्यांचे परिश्रम होते. १९५९ पासून स्थलांतरित पक्ष्यांच्या पायांत कडी घालण्याचं मोठं काम सुरू झालं. कड्यावर मजकूर असे, मुंबईच्या संस्थेला कळवा. आणि थेट सोव्हिएत संघातून कडी सापडल्याच्या बातम्या मुंबईला येत. चिठ्ठी आता मेलेल्या पक्ष्याऐवजी जिवंत, उडत्या पक्ष्याच्या पायात होती! बंदुकीपासून कड्यापर्यंतचा हा प्रवास वाटतो तितका तुटक नाही. जुने नमुने होते म्हणून कोणता पक्षी कुठे असायचा हे कळलं, आणि ते कळलं म्हणून काय हरवतंय हेही कळलं.

वाढ म्हणजे काय

१९६५ मध्ये संस्था हॉर्नबिल हाउसमध्ये आली. पुढे गोरेगावला, फिल्मसिटीला लागून, शासनाने दिलेल्या सुमारे तेहतीस एकर रानात तिचं निसर्गशिक्षण केंद्र उभं राहिलं. पलीकडे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. तिथे मुलं पायवाटेने चालतात आणि फुलपाखरू ओळखायला शिकतात, त्याला न पकडता. म्युझियममधल्या आठ माणसांपासून इथपर्यंत यायला शंभरावर वर्षं लागली.

ग्रीकांचं एक जुनं कोडं आहे. जहाजाची एकेक फळी बदलत गेली, शेवटी सगळ्याच बदलल्या, तर जहाज तेच का? या संस्थेची माणसं बदलली, पत्ते बदलले, राज्यकर्ते बदलले, हेतूसुद्धा बदलला. टिकला तो एक रिवाज. पाहिलेलं नीट लिहायचं, समाईक ठेवायचं, आणि जो विचारायला येईल त्याला दाखवायचं.

ऐकणाऱ्यांपैकी कोणी अशी मंडळं चालवत असतील, तर त्यांनी आज घरी गेल्यावर एवढंच बघावं. मंडळाच्या कपाटाची किल्ली किती जणांकडे आहे? वह्यांत तारखा आहेत का? आणि उद्या एखादी अनोळखी मुलगी मूठभर पिसं घेऊन दारात आली, तर तिच्यासाठी खण कोण उघडेल?

आज इथेच थांबू.