खरकट्यावर किती स्वयंपाक होतो?

विद्यापीठाच्या आवारात बायोगॅस प्रकल्प उभारायचं ठरलं की पहिला प्रश्न बहुधा अनुदानाचा निघतो. मग जागा ठरते, निविदा निघते, नारळ फुटतो. मेसमधून रोज नेमका किती ओला कचरा निघतो, हे मात्र कुणी मोजलेलं नसतं. आधी कळस मग पाया म्हणतात तो हाच प्रकार.

तंत्रात आता नवलाई उरलेली नाही. खादी ग्रामोद्योग आयोगाने तरंगत्या टोपीचं गोबरगॅस संयंत्र १९६०च्या दशकापासून गावोगाव नेलं. शेणाऐवजी स्वयंपाकघरातला कचरा वापरण्याचं मोठं काम तर महाराष्ट्रातच झालं. पुण्याच्या 'आरती' संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांनी घरगुती संयंत्र विकसित केलं, तर भाभा अणुसंशोधन केंद्रात डॉ. शरद काळे यांनी 'निसर्गऋण'. पुढे २०१६च्या घनकचरा नियमांनी दिवसाला १०० किलोपेक्षा जास्त कचरा करणाऱ्या संस्थांना 'मोठे कचरा उत्पादक' ठरवलं. त्यात विद्यापीठं आणि वसतिगृहंही आली. ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवायचा, अशी अपेक्षा ठेवली गेली. त्यामुळे 'करावं की नाही' हा प्रश्न बराचसा सुटला आहे. खरा प्रश्न 'बायोगॅसच का' हा आहे.

हजार मुलांची वसतिगृहं धरू. भाजीची देठं, साली, उरलेला भात आणि ताटातलं खरकटं मिळून रोज २५० किलो ओला कचरा निघतो असं समजू. अन्नाच्या एक टन कचऱ्यापासून साधारण ८० ते १०० घनमीटर गॅस मिळतो, म्हणजे आपल्याला २० ते २५ घनमीटर. एक घनमीटर बायोगॅस जेमतेम ४५० ग्रॅम एलपीजीची जागा घेतो. तेव्हा रोजची बचत दहा किलोच्या आसपास, १९ किलोच्या व्यावसायिक सिलिंडरचा अर्धा भाग. हजार जणांच्या दोन वेळच्या स्वयंपाकाला याच्या कितीतरी पट गॅस लागतो. 'मेस बायोगॅसवर चालणार' ही बातमी म्हणूनच सावधपणे वाचावी. फार तर भाताची किंवा चहाची एक शेगडी चालेल.

आता पैसे. किलोला ९० रुपये धरले तर दिवसाला ९०० रुपये वाचतात. पण विद्यापीठ काही ३६५ दिवस भरलेलं नसतं. दिवाळी, परीक्षेनंतरची पांगापांग आणि मे-जून वजा केले तर २२० दिवस उरतात. वर्षाची बचत होते १ लाख ९८ हजार. संयंत्रावर महिना १५ हजारांचा एक माणूस ठेवला तर वर्षाला १ लाख ८० हजार त्यालाच जातात. उरल्या १८ हजारांत दुरुस्ती करायची आणि भांडवलही फेडायचं! वीज करायची कल्पना तर सोडूनच द्यावी. घनमीटरमागे दीड-दोन युनिट मिळतात. त्यासाठी इंजिन, गॅस शुद्ध करणारी यंत्रणा आणि मेकॅनिक सांभाळणं म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. निव्वळ गॅसच्या हिशेबावर हा प्रकल्प तगत नाही. कचरा उचलण्याचा वाचलेला खर्च आणि खत जमेस धरलं तरच ताळेबंद जरा सरळ दिसू लागतो.

एवढंही पदरात पडणार की नाही, हे ताटं घासायच्या बेसिनपाशी ठरतं. जेवण उरकून मुलं रांगेने येतात आणि बादलीत ताट उपडं करतात. भात-आमटीबरोबर लिंबाची फोड, टिश्यू पेपर, दह्याचं प्लॅस्टिकचं डबडं आणि अधूनमधून एखादा चमचाही पडतो. अंड्याची टरफलं आणि हाडं टाकीच्या तळाशी साचत जातात. चमचा ग्राइंडरचं पातं मोडतो. प्लॅस्टिकने नळी तुंबते. बादलीत हात घालून हे सगळं वेचायचं काम शेवटी ताटं घासणाऱ्या मावशींवर येतं. अहवालात त्यांचं नाव कुठेच नसतं आणि या जादा कामाचा पगारही कुणी धरलेला नसतो.

टाकीच्या आत दोन प्रकारच्या सूक्ष्मजीवांचं एकमेकांशी जमावं लागतं. पहिले अन्नाचं आम्ल करतात, दुसरे त्या आम्लापासून मिथेन बनवतात. पहिले चपळ, दुसरे संथ. फीस्टच्या रात्री उरलेला पुलाव आणि जिलब्या एकदम ओतल्या की आम्ल साठतं. पीएच साडेसहाच्या खाली उतरला की मिथेनवाले काम थांबवतात. मग आंबट वास सुटतो आणि शेगडी पेटत नाही. याउलट सुट्टीत टाकी उपाशी राहते. जून-जुलैत मेस सुरू झाल्यावर पहिल्याच दिवशी पूर्ण मापाने कचरा घातला तरी तोच घोटाळा होतो. थोडं शेण घालून, दोन-तीन आठवडे हळूहळू खाद्य वाढवत टाकी पूर्वपदावर आणावी लागते. थंडीत गॅस उतरतो, तोही हिशेबात धरायला हवा.

जागेचं गणित त्यामानाने सोपं. २५० किलो कचऱ्यात तेवढंच पाणी मिसळलं आणि ४० दिवस मुक्काम धरला, तर २० घनमीटरची टाकी पुरते. ती मेसच्या जवळच हवी, कारण हा गॅस कमी दाबाचा असतो आणि लांब नेला तर शेगडीपाशी ज्योत मरते. एलपीजीची शेगडी तशीच चालत नाही, तिचं जेट मोठं करावं लागतं. रोज जवळपास ५०० लिटर स्लरी बाहेर पडते. ती जिरवायला बाग किंवा शेत नसेल तर एका कचऱ्याच्या जागी दुसरा आला, एवढंच. आणखी एक, टाकी साफ करायला माणूस आत उतरवायचा नाही, कधीही नाही. आतला वायू जीव घेतो.

एक पेच मात्र सुटत नाही. अन्न वाया घालवू नका अशी पाटी मेसने लावली आणि मुलांनी ती खरंच मनावर घेतली, तर टाकीचं खाद्य घटेल. घटलंच पाहिजे. म्हणून आजच्या नासाडीवर मोठी टाकी बांधू नये. आधी एक पूर्ण सत्र कचरा रोज काट्यावर घालावा, वहीत लिहावा आणि त्यातल्या कमी भरलेल्या महिन्यांवर माप ठरवावं.

माझ्या मते राहुरी, अकोला, परभणी, दापोली या कृषी विद्यापीठांनी हे जरूर करावं. त्यांच्याकडे सुट्टीतही शेण असतं, स्लरीला शेत असतं आणि हे काम समजणारी माणसंही असतात. हजार-दोन हजार मुलांच्या मोठ्या निवासी आवारांनी माणसाच्या पगाराची तरतूद आधी करावी, मगच निविदा काढावी. शहरातल्या दोन-तीनशे मुलांच्या वसतिगृहाने या फंदात पडू नये. त्यांना कंपोस्टचे खड्डे पुरेसे आहेत.