डॉक्टरांची ओळखचोरी

डॉक्टरांची ओळखचोरी म्हणजे नोंदणीकृत डॉक्टरचे नाव, नोंदणी क्रमांक, पदवी प्रमाणपत्र, स्वाक्षरी किंवा शिक्का त्याच्या संमतीवाचून वापरून दुसऱ्या व्यक्तीने अथवा संस्थेने लाभ मिळवणे होय. बनावट पदवी तयार करण्यापेक्षा हा प्रकार वेगळा आहे. यात कागदपत्रे खऱ्या डॉक्टरची असतात, वापरणारी व्यक्ती मात्र दुसरीच असते. म्हणून केवळ क्रमांक तपासल्यास तो खराच निघतो आणि गैरप्रकार लवकर लक्षात येत नाही.

स्वरूप

अशा ओळखीचा वापर दवाखाना चालवणे, औषधचिठ्ठ्या व वैद्यकीय दाखले देणे, रोगनिदान प्रयोगशाळेच्या अहवालांवर स्वाक्षरी उमटवणे किंवा डॉक्टरच्या नावे कर्ज घेणे यांसाठी होऊ शकतो. प्रयोगशाळेच्या अहवालावर विकृतिशास्त्रातील पदव्युत्तर पात्रता असलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच स्वाक्षरी हवी, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये स्पष्ट केले. त्यामुळे स्वाक्षरीच्या संगणकीय प्रतिमेचा गैरवापर हा विशेष चिंतेचा विषय ठरतो.

२०२५ मध्ये मध्य प्रदेशातील दमोह येथे लंडनमधील एका नामवंत हृदयरोगतज्ज्ञाशी मिळतेजुळते नाव धारण करून रुग्णांवर उपचार केल्याच्या आरोपावरून एका व्यक्तीस अटक झाली होती.

नवोदित डॉक्टर आणि जोखीम

नोंदणी क्रमांक ही गोपनीय बाब नाही. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या व्यावसायिक आचारविषयक विनियमांनुसार तो दवाखान्यात, तसेच औषधचिठ्ठ्या, दाखले व पावत्यांवर दर्शवणे बंधनकारक आहे. त्यामुळे क्रमांक लपवणे हा संरक्षणाचा मार्ग असू शकत नाही. क्रमांक, व्यक्ती आणि व्यवसायाचे ठिकाण यांची सांगड पडताळता येणे, हाच खरा उपाय ठरतो.

नवोदित डॉक्टरच्या बाबतीत ही सांगड सर्वांत सैल असते. आंतरवासिता, तात्पुरती व कायम नोंदणी, शासकीय महाविद्यालयातून उत्तीर्ण झालेल्यांची एक वर्षाची बंधपत्रित सेवा आणि पदव्युत्तर प्रवेश या टप्प्यांवर कागदपत्रांच्या प्रती अनेक कार्यालयांत दिल्या जातात. या काळात कामाचे गावही बदलते. नाव नोंदवहीत आले, तरी चेहरा लोकांच्या ओळखीचा झालेला नसतो.

वाशिम जिल्हा

१ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्याचे विभाजन होऊन वाशिम जिल्हा अस्तित्वात आला. त्यात वाशिम, मालेगाव, रिसोड, मंगरूळपीर, कारंजा व मानोरा हे सहा तालुके आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या ११,९७,१६० होती. २०२४ मध्ये राज्यात सुरू झालेल्या दहा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांपैकी एक वाशिम येथे असून त्याची प्रवेशक्षमता १०० आहे. साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम व एक वर्षाची आंतरवासिता पूर्ण केल्यावर येथील विद्यार्थी कायम नोंदणीस पात्र होतील. त्यामुळे जिल्ह्यात हा विषय आता स्थानिक महत्त्वाचा झाला आहे.

कायदेशीर तरतुदी

माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या ‘६६सी’ या कलमात दुसऱ्याची इलेक्ट्रॉनिक स्वाक्षरी, पासवर्ड किंवा अन्य विशिष्ट ओळखचिन्ह अप्रामाणिकपणे वापरल्यास तीन वर्षांपर्यंत कारावास व एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१९ नुसार तोतयेगिरी करून फसवणूक केल्यास पाच वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. राष्ट्रीय वैद्यकीय आयोग अधिनियम, २०१९ च्या कलम ३४ अन्वये नोंदणीविना वैद्यकीय व्यवसाय केल्यास एक वर्षापर्यंत कारावास, पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

पडताळणी आणि संरक्षण

राज्यातील ॲलोपॅथी डॉक्टरांची नोंदणी महाराष्ट्र वैद्यक परिषद करते. नोंदणीचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. ऑगस्ट २०२४ मध्ये आधारशी जोडलेल्या राष्ट्रीय वैद्यकीय नोंदवहीचे संकेतस्थळ सुरू झाले. २०२५ मध्ये परिषदेने रुग्णांना डॉक्टरची नोंदणी पडताळता यावी म्हणून क्यूआर कोडची योजना पुढे आणली.

डॉक्टरांनी घ्यावयाची प्रमुख खबरदारी अशी:

• प्रमाणपत्राच्या प्रत्येक प्रतीवर ती कोणास, कोणत्या कामासाठी व कधी दिली हे लिहिणे.
• शक्य तेथे शेवटचे चार अंकच दिसणारी आधारची प्रत देणे आणि बायोमेट्रिक माहिती कुलूपबंद ठेवणे.
• स्वाक्षरीची प्रतिमा, कोरी औषधचिठ्ठी किंवा शिक्का इतरांकडे न सोपवणे.
• परिषदेकडील मोबाईल क्रमांक व पत्ता अद्ययावत ठेवणे.
• रुग्णालय सोडताना शिक्का परत घेणे, नामफलक काढून घेणे आणि कार्यमुक्तीचे पत्र जपून ठेवणे.

गैरवापर आढळल्यास पोलीस ठाण्यात तक्रार करून परिषदेस लेखी कळवले जाते. त्या पत्राची तारीख पुढील चौकशीत डॉक्टरच्या बाजूचा पुरावा ठरू शकते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कोठेही घडला असला तरी कोणत्याही पोलीस ठाण्यात माहिती देता येते. म्हणून दुसऱ्या जिल्ह्यात नाव वापरले गेल्यास वाशिममधील डॉक्टरला तेथे जाऊनच तक्रार करावी लागत नाही. आर्थिक फसवणुकीसाठी १९३० हा राष्ट्रीय सायबर मदत क्रमांक उपलब्ध आहे.