दोन मोटारी, एक हौद : तासांचा हिशेब



उन्हाळी ओलिताचे बोलणे निघाले की एक प्रश्न हमखास येतो. “साहेब, विहिरीची मोटार सहा तासांत हौद भरते, बोअरची बारा तासांत. दोन्ही संगतीने लावल्या तर किती वेळ?” कोणी सरासरी काढून नऊ तास सांगतो. पण एकटी विहिरीची मोटार सहा तासांत भरते, तर जोडीला दुसरी आल्यावर वेळ वाढेल कसा?

तासांची बेरीज करू नये. एका तासात होणाऱ्या कामाची करावी. विहिरीची मोटार तासाला १/६ हौद भरते, बोअरची १/१२. मिळून १/४. म्हणजे हौद चार तासांत भरेल.

हे गणित जुने आहे. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (इ.स. ११५०) चार झरे एक विहीर वेगवेगळे सोडल्यास १, १/२, १/३ आणि १/६ दिवसात भरतात. एका दिवसाचे काम १+२+३+६=१२ विहिरी; म्हणून चौघे मिळून १/१२ दिवसात, म्हणजे दोन तासांत भरतात.

आता लिटरमध्ये पाहू. हौद ६ मीटर लांब, ६ रुंद, २ खोल. म्हणजे ७२,००० लिटर. विहीर तासाला १२,००० लिटर देते, बोअर ६,०००. त्याच वेळी ठिबक चालू असून तासाला ९,००० लिटर ओढत असेल, तर ते वजा करा. शिल्लक ९,०००. हौद भरायला आठ तास. लाईन आठच तास असेल, तर जेमतेम जमते.

पण बोअर विहिरीच्या जवळ असली तर एकमेकींचे पाणी ओढतात. दाब कमी झाला तरी मोटारी पाणी कमी फेकतात. म्हणून दोन्ही मोटारी तासभर चालवून मगच, त्या चालू असतानाच, २०० लिटरच्या ड्रमने प्रत्येक पाइपाचे पाणी मोजा. ड्रम ६० सेकंदांत भरला तर तासाला १२,००० लिटर; ७५ सेकंद लागले तर ९,६००. विहिरीचे एवढेच घटले, तरी ठिबक वजा जाता ६,६०० उरतात. कागदावर आठ तास, वावरात अकरा!

तेव्हा हे मोजमाप मे महिन्यात, पाणी सर्वांत कमी असताना करा, आणि पुढची लागण किती एकर करायची ते त्यावरच ठरवा.

— ऊस विकास अधिकारी