‘लिहिलं’ म्हणजे खरंच लिहिलं का?

बँकेच्या, पतसंस्थेच्या नाहीतर रुग्णालयाच्या खिडकीपाशी उभं असताना ‘सिस्टीम स्लो आहे, जरा थांबा’ हे वाक्य ऐकलं नाही, असा माणूस आता शोधूनच काढावा लागेल. कर्मचारी ‘सेव्ह’चं बटण दाबून पडद्याकडे बघत बसतो आणि रांग वाढत जाते. दोष नेटवर्कला दिला जातो, नाहीतर ‘मशीन जुनं झालं’ म्हणून नवं घ्यायची भाषा सुरू होते. पुष्कळदा दुखणं वेगळंच असतं. सगळ्यांची माहिती साठवणारा जो सर्व्हर आतल्या खोलीत असतो, त्याच्या डिस्कवर लिहिण्याचं काम मंदावलेलं असतं. ते का मंदावतं आणि कसं शोधायचं, हे आज आपण पाहू.

हार्ड डिस्क म्हणजे गरगर फिरणारी चकती आणि तिच्यावर आत-बाहेर सरकणारा, टोकाला हेड असलेला दांडा. नेहमीच्या डिस्कची चकती मिनिटाला ७२०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला १२०. हेडला योग्य वर्तुळावर पोचायला सरासरी आठ-नऊ मिलिसेकंद लागतात. मग हवी ती जागा फिरत हेडखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा, म्हणजे आणखी चार मिलिसेकंद. थोडक्यात, वेगवेगळ्या जागी छोट्या नोंदी करायच्या तर सेकंदाला जेमतेम ऐंशी होतात. एक नोंद चार किलोबाइटची धरली, तर हा वेग सेकंदाला ३२० किलोबाइट पडतो. हीच डिस्क एखादा चित्रपट सलग उतरवून घेताना सेकंदाला दीडशे मेगाबाइट सहज लिहिते. डिस्क तीच, पण वेगात जवळजवळ पाचशे पटींचा फरक!

त्यामुळे तक्रार आली की पहिला प्रश्न विचारायचा तो हा, की सर्व्हर लिहितोय काय? सलग मोठ्या फाइली, की विखुरलेल्या बारीक नोंदी? पतसंस्थेचं काम दुसऱ्या प्रकारचं असतं. तिथे मोठी फाइल कॉपी करून ‘वेग तर उत्तम आहे’ असा निर्वाळा देण्यात अर्थ नाही. दुसरं म्हणजे, चाचणी प्रत्यक्ष सर्व्हरवर बसून घ्यावी. तिथे वेग चांगला असेल आणि टेबलावरच्या संगणकावरून कमी पडत असेल, तर नेटवर्क तपासावं. चाचणीसाठी लिहायची माहितीही सर्व्हरच्या मेमरीपेक्षा बरीच मोठी हवी. नाहीतर ती नुसती मेमरीत जाऊन बसते, पडद्यावर भन्नाट आकडा दिसतो आणि डिस्कने अजून कामाला हातही लावलेला नसतो.

आता सर्व्हरमध्ये डिस्क एकटी नसते, तिचा जथा असतो. अनेक स्वस्त डिस्क एकत्र बांधून त्यांतली एखादी बिघडली तरी माहिती वाचावी, ही कल्पना ‘रेड’ या नावाने १९८८ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले इथल्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी मांडली. तिच्यातला ‘रेड-५’ हा प्रकार लोकप्रिय आहे, कारण त्यात फक्त एका डिस्कएवढी जागा सुरक्षेसाठी खर्च होते. पण त्याची किंमत लिहिताना मोजावी लागते. एक छोटी नोंद बदलायची तर जुनी नोंद वाचा, तिचा ताळा वाचा, नवी नोंद लिहा आणि नवा ताळा लिहा. एका कामाची चार कामं होतात. बारीक नोंदींचा मारा असेल तिथे जोडीजोडीने डिस्क ठेवणारा ‘रेड-१०’ बरा पडतो. त्यात जागा निम्मी खर्च होते, पण चाराऐवजी दोनच कामं करावी लागतात.

जथ्याचा वेग सर्वांत हळू चालणाऱ्याएवढा असतो, हेही लक्षात ठेवायला हवं. एखादी डिस्क मरणपंथाला लागलेली असते, पण अजून मेलेली नसते. ती प्रत्येक काम पुन्हा पुन्हा करून पाहते आणि बाकीच्या ताटकळत राहतात. म्हणून सगळ्यांची सरासरी पाहू नये, एकेका डिस्कचा प्रतीक्षाकाळ वेगळा पाहावा. दहा जणी दहा मिलिसेकंदांत उत्तर देत असतील आणि अकरावी तीनशे घेत असेल, तर चोर सापडला.

कधी दोष डिस्कच्या जातीतच असतो. काही डिस्कवर माहितीचे पट्टे कौलांसारखे एकमेकांवर थोडे चढवून बसवलेले असतात. त्यामुळे तेवढ्याच जागेत जास्त माहिती मावते. पण मधलं एक कौल बदलायचं तर त्यावर चढलेली पुढची सगळी काढून पुन्हा बसवावी लागतात. कधीतरी लिहायचं असेल तर हे चालून जातं. मारा सतत असेल तर डिस्क धापा टाकू लागते. छोट्या कार्यालयांतल्या साठवणपेट्यांसाठी विकल्या जाणाऱ्या आपल्या ‘रेड’ मालिकेतल्या काही डिस्क या जातीच्या आहेत, हे वेस्टर्न डिजिटल कंपनीने एप्रिल २०२० मध्ये मान्य केलं. तोवर हे ग्राहकांना नीट सांगितलेलं नव्हतं. डिस्क घेताना ही चौकशी जरूर करावी.

आणि हादरे! सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीतले अभियंते ब्रेंडन ग्रेग यांनी २००८ च्या अखेरीस एक गंमत करून दाखवली. चालू डिस्कच्या कपाटाजवळ तोंड नेऊन ते जोरात ओरडले, आणि पडद्यावरच्या आलेखात डिस्कचा प्रतीक्षाकाळ त्याच क्षणी उसळला. नुसत्या आवाजाच्या कंपनाने हेड जागेवरून हलतं, मग खडखडणारा पंखा किंवा सैल बसवलेलं कपाट काय करत असेल याचा अंदाज करा.

पण अनेक सर्व्हरमध्ये वेग अचानक कोसळतो, तो आणखी एका कारणाने. ते समजून घ्यायला जुन्या पेढीवरचा मुनीम आठवावा. गर्दीच्या वेळी तो प्रत्येक व्यवहार खतावणीत लिहीत बसत नाही. चिठ्ठी तारेला अडकवतो, गिऱ्हाइकाला ‘झालं’ म्हणतो आणि सवडीने चिठ्ठ्या वहीत उतरवतो. सर्व्हरमधलं रेडचं कार्डही हेच करतं. आलेली नोंद ते आपल्या कॅशे मेमरीत ठेवतं, लगेच ‘लिहिलं’ असं कळवतं आणि मग जवळजवळच्या नोंदी एकत्र करून डिस्कवर उतरवतं. या पद्धतीला ‘राइट-बॅक’ म्हणतात. मात्र ही मेमरी वीज गेली की पुसली जाते. म्हणून कार्डाला एक छोटी बॅटरी जोडलेली असते. चिठ्ठ्यांची राखण ती करते.

बॅटरी काही वर्षांत थकते. ती भरवशाची राहिली नाही असं दिसलं की बरीचशी कार्डं आपण होऊन पद्धत बदलतात. नोंद प्रत्यक्ष डिस्कवर उतरल्याखेरीज ‘लिहिलं’ म्हणत नाहीत. ही ‘राइट-थ्रू’ पद्धत. कालपर्यंत पळणारा सर्व्हर आज रांगू लागतो. बाकी काहीच बिघडलेलं नसतं. बॅटरीची सूचना सर्व्हरच्या नोंदवहीत आलेली असते, फक्त ती कोणी वाचलेली नसते. काही कार्डं ठरावीक महिन्यांनी बॅटरीची परीक्षा घेतात, तेव्हाही तात्पुरता असाच संथपणा येतो.

इथे मोह पडतो. कार्डाच्या मांडणीत ‘बॅटरी नसली तरी राइट-बॅक चालू ठेवा’ असा पर्याय असतो. तो निवडला की वेग क्षणात परत येतो, रांग सरकते आणि दुरुस्त करणाऱ्याची वाहवा होते. पण आता चिठ्ठ्या उघड्यावर आहेत. पावसाळ्यातल्या एखाद्या संध्याकाळी वीज जाते. यूपीएस असला तरी सर्व्हरचा स्वतःचा वीजपुरवठा जळू शकतो. त्या क्षणी कॅशेत असलेल्या नोंदी नाहीशा होतात. खातेदाराच्या हाती पैसे भरल्याची छापील पावती असते आणि सर्व्हरमध्ये त्या पैशांचा पत्ता नसतो. अर्धवट लिहिलेल्या नोंदींमुळे साऱ्या डेटाबेसची घडी विस्कटते, तो भाग वेगळाच.

म्हणजे संथ झालेला सर्व्हर इथे खरं बोलत होता. त्याला गप्प करण्यापेक्षा त्याचं म्हणणं ऐकायला हवं. खरा उपाय म्हणजे नवी बॅटरी, आणि ती साऱ्या सर्व्हरच्या मानाने अगदी स्वस्त असते. हल्लीच्या अनेक कार्डांत बॅटरीऐवजी मोठा कपॅसिटर असतो. वीज गेली की तो कॅशेतल्या नोंदी फ्लॅश मेमरीत उतरवण्यापुरती ऊर्जा देतो. चकतीऐवजी एसएसडी घ्यायची असेल तर तिच्यातही वीज गेल्यावर नोंदी वाचवण्याची अशी सोय आहे का, हे पाहावं. घरगुती एसएसडीत ती सहसा नसते.

आपल्या संस्थेचा सर्व्हर संथ झाला आणि कोणी तासाभरात तो वेगवान करून दिला, तर आभार जरूर माना. पण बिल चुकतं करण्याआधी तीन गोष्टी विचारा: कारण काय सापडलं, नेमकं काय बदललं, आणि आत्ता या क्षणी वीज गेली तर शेवटची नोंद वाचेल का? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ठामपणे ‘हो’ असं आलं, तरच काम पुरं झालं असं समजा.