लग्न पाहावं झूम करून

तुमच्या ग्रुपमध्ये ‘चांगला कॅमेरा’ कोणाकडे आहे? जिच्याकडे असेल तिला लग्नाचा सीझन सुरू व्हायच्या आधी एक फोन हमखास येतो. ‘अगं, फोटोग्राफर सांगितलाय आम्ही, पण तूही आण ना तुझा कॅमेरा. जरा कँडिड वगैरे काढ.’ झालं! आपण लगेच हवेत. साडी कुठली नेसायची यापेक्षा बॅटरी चार्ज आहे का, याचंच टेन्शन जास्त.

मला असा फोन आला मे २०२३ मध्ये. मावसबहिणीचं, म्हणजे आमच्या ताईचं लग्न. दादरचा हॉल, गोरज मुहूर्त. कॅमेरा घेऊन जेमतेम चार महिने झाले होते (आणि ईएमआयचे आठ बाकी होते). कॅमेऱ्यासोबत आलेली १८-१३५ एमएमची झूम लेन्स होती. दुकानातला म्हणाला होता, ‘मॅडम, इसमें सब आ जाता है.’ खोटं कशाला बोलू, यायचंही सगळं. राजमाचीचा ट्रेक, मरीन ड्राइव्हचा सूर्यास्त, सोसायटीतली मांजरं. सगळं उजेडातलं, हे तेव्हा लक्षात आलं नव्हतं.

मंगलाष्टकं सुरू झाली. मी स्टेजपासून बरीच मागे, कारण पुढे ऑफिशियल फोटोग्राफर, त्याचा असिस्टंट, व्हिडिओवाला आणि त्याचा लाइट धरणारा मुलगा अशी भिंत. ठीक आहे, झूम आहे ना! शेवटचं ‘शुभमंगल सावधान’ झालं, अंतरपाट दूर झाला, वाजंत्री सुरू झाली आणि पहिल्या रांगेत बसलेली आमची आजी मामीचा हात धरून उठली. मुठीतल्या अक्षता तिनं ताईच्या दिशेने टाकल्या. तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते लिहून सांगण्यातलं नाही. मी झूम पार १३५ पर्यंत नेला आणि धडाधड सात फोटो काढले.

कॅमेऱ्याच्या छोट्या स्क्रीनवर झक्कास दिसले. घरी लॅपटॉपवर उघडले, तर सातही फोटोंत आजीचा हात म्हणजे नुसता धूर आणि चेहरा पाण्याखाली असल्यासारखा. तिच्या मागच्या खुर्चीच्या कव्हरची शिवण मात्र एकदम शार्प! म्हणजे माझा हात हलला नव्हता. आजी हलली होती.

ऑगस्टमध्ये आजी गेली. मावशीनं विचारलं, ‘तुझ्याकडे लग्नातला तिचा एक होता ना गं?’ मी हो-नाही काहीच बोलले नाही. शेवटी बँकेच्या कामासाठी कधीतरी काढलेला पासपोर्ट साइज फोटो मोठा करून भिंतीवर लागला. त्यात आजी चिडल्यासारखी दिसते. ती अशी कधी दिसायचीच नाही.

लाइटचा हिशोब

आमच्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर एक काका राहतात. पंचवीसेक वर्षं लग्नं शूट करतायत, रोल भरायच्या जमान्यापासून. त्यांच्याकडे लॅपटॉप घेऊन गेले. त्यांनी फोटो पाहिलाच नाही, आधी आकडे पाहिले. शटर १/४०, ॲपर्चर एफ/५.६, आयएसओ ६४००.

‘लेन्सवर काय लिहिलंय, वाच.’

‘३.५-५.६.’

‘कधी विचार केलास, दोन आकडे का?’

नव्हता केला. तुम्हीही केला नसेल, म्हणून सांगते. लेन्सच्या आतलं भोक किती मोठं उघडतं, त्याचा हा आकडा. आकडा लहान, तर भोक मोठं. माझी लेन्स १८ वर असताना एफ/३.५ पर्यंत उघडते. झूम करत पुढे गेलं की ती आक्रसते आणि शेवटच्या टोकाला ५.६ च्या वर उघडतच नाही. म्हणजे मी आजीजवळ ‘जात’ होते आणि कोणीतरी हॉलचे दिवे मंद करत होतं. एफ/५.६ आणि एफ/२.८ यांत फरक दोन स्टॉपचा, म्हणजे प्रकाश चौपट. त्याच हॉलमध्ये, त्याच आयएसओवर शटर १/४० ऐवजी १/१६० मिळालं असतं. १/४० ला अक्षता टाकणारा हात धूर होतो. १/१६० ला तो बऱ्यापैकी हात राहतो.

‘पण काका, माझ्या लेन्सला स्टॅबिलायझेशन आहे.’

‘आहे की! ते तुझा हात थांबवतं. आजींना कसं थांबवणार?’

लग्नासाठी झूम लेन्स घेताना आपण बघतो ती किती लांबचं ओढते. बघायचं असतं ते हे, की लांबचं ओढल्यावरही ती उघडी राहते का. बॉक्सवर एकच आकडा असेल, २.८, तर पूर्ण झूमभर ती तेवढी उघडते. लग्नवाल्यांचा सगळा फंडा या एका आकड्याभोवती फिरतो. गंमत म्हणजे, ३५ एमएम स्टिल कॅमेऱ्यासाठी जी पहिली झूम लेन्स बाजारात आली, १९५९ ची फोइग्टलेंडर झूमार, ३६-८२ एमएम, तीसुद्धा एफ/२.८ च होती. आपणच मध्ये ५.६ वर खूश राहायला शिकलो.

अर्थात फुकट काही नाही. मोठं भोक म्हणजे मोठ्या काचा, म्हणजे वजन आणि पैसा. काकांच्या खांद्यावर दोन कॅमेरे असतात. एकावर २४-७० एफ/२.८, दुसऱ्यावर ७०-२०० एफ/२.८. ही त्यांची ७०-२०० म्हणजे कॅननची २०१० ची, सुमारे दीड किलोची. (२०१९ मध्ये आलेली कॅननची मिररलेससाठीची सुमारे १,०७० ग्रॅम आहे.) मी ती दहा मिनिटं डोळ्याला लावून उभी राहिले आणि ठरवलं, फ्रीलान्स लेखणीच बरी.

‘मग ५० एमएम एफ/१.८ घेऊ का? स्वस्त आहे.’

‘घे. घरी बसवून पोर्ट्रेट काढायला तिच्यासारखी नाही. पण लग्नात तुला पुढेमागे सरकायला जागा कोण देणार?’

तीन फुटांचा प्रश्न

इथे एक गोची असते आणि निम्मे लोक तिथेच फसतात. माझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर क्रॉप, म्हणजे लहान. त्यावर प्रत्येक लेन्स दीडपट जवळची वाटते. काकांची २४-७० फुलफ्रेम कॅमेऱ्यावर आदर्श, पण माझ्यावर ती ३६-१०५ सारखी वागते. चेहऱ्यांसाठी मस्त, पण होमाभोवती बसलेलं सगळं कुटुंब फ्रेममध्ये घ्यायचं तर पाठ भिंतीला टेकते. ७०-२०० चं तर विचारूच नका. स्टेजवरचे आठ-दहा जण तिच्यात मावायला चाळीसेक फूट मागे जावं लागतं. आमच्या हॉलमध्ये तेवढं मागे गेलं की माणूस पंगतीत उभा असतो.

म्हणून क्रॉपवाल्यांनी १७ किंवा १८ पासून सुरू होणारी २.८ शोधायची. माझ्या यादीत शेवटी दोन उरल्या, दोन्ही २०२१ च्या. सिग्माची १८-५० एफ/२.८, वजन २९० ग्रॅम, पर्समध्ये मावेल अशी. आणि टॅमरॉनची १७-७० एफ/२.८, वजन ५२५ ग्रॅम, स्टॅबिलायझेशनसकट. किमतीतही टॅमरॉन वरचढ. मन सिग्माकडे, कारण पर्स!

दोन्ही भाड्याने आणल्या. हा सल्लाही काकांचाच. मला एका दिवसाचं भाडं हजाराच्या आतबाहेर पडलं, वर डिपॉझिट आणि ओळखपत्र. एक मैत्रिणीच्या साखरपुड्याला, दुसरी ऑफिसमधल्या मित्राच्या हळदीला. यूट्यूबवर महिनाभर रिव्ह्यू पाहून जे कळलं नव्हतं ते दोन संध्याकाळी कळलं.

चेहरा, मुंडावळ्या, हारासकट कमरेपर्यंतचा पोर्ट्रेट घ्यायचा, तर माझ्या कॅमेऱ्यावर ७० एमएमला मी साधारण दहा फुटांवर उभी राहते. ५० ला तीच फ्रेम हवी तर सात फुटांवर यावं लागतं. तीन फूट म्हणजे काय मोठंसं, असं कागदावर वाटतं. पण लग्नात त्याच तीन फुटांत भटजी असतात, दोन करवल्या असतात आणि व्हिडिओवाल्याचा ट्रायपॉड असतो! शिवाय जवळ गेलं की समोरचा सावध होतो. हसू ‘फोटोचं’ होतं. आणि अगदीच तीन-चार फुटांवर घुसून चेहरा टिपला, तर नाक मोठं आणि कान मागे पळालेले. हा दोष लेन्सचा नाही, अंतराचा. लांबची लेन्स फक्त तुम्हाला दूर उभं राहू देते. पर्स हरली.

तुमचा कॅमेरा फुलफ्रेम असेल, तर हेच गणित २४-७० ला लावा. कॅमेरा कंपनीची स्वतःची नवी घेतली तर आकडा लाखाच्या बराच पुढे जातो. सोनीवाल्यांना टॅमरॉनची २८-७५ एफ/२.८ परवडते, २०१८ मध्ये ती आली तेव्हा फक्त ५५० ग्रॅमची होती. जुना क्रॉप डीएसएलआर पडून असेल तर टॅमरॉन किंवा सिग्माची जुनी १७-५० एफ/२.८ सेकंडहँड शोधा. पण लॉनवर, हजार माणसांत, दोरीच्या पलीकडून काढायचंय म्हणाल तर १७-७० तुम्हाला पुरणार नाही, हे आधीच सांगते. तिथे ७०-२०० ला पर्याय नाही. ती त्या दिवसापुरती भाड्याने आणा.

बोरा बाजार, टॉर्च घेऊन

खरेदीला गेले फोर्टच्या बोरा बाजारात. सीएसएमटीपासून पाच मिनिटं, आणि कॅमेऱ्याची दुकानं एकाला एक लागून. आधी सेकंडहँड पाहिल्या. मुंबईत सेकंडहँड लेन्स पाहायची तर मोबाइलचा टॉर्च लेन्सच्या मागून मारायचा आणि पुढून तिरकं बघायचं. आत कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं, तर ते फंगस. आपल्या पावसाळ्याची देणगी. ‘साफ हो जाएगा मॅडम’ म्हणतील. नमस्कार करून पुढच्या दुकानात. (आणि आपली लेन्स घरी आली की हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत. कपाटात साड्यांखाली नाही. हो, मी ठेवली होती.)

नवी घेतानाही आपलंच कार्ड घालून दुकानात फोटो काढा. झूमच्या दोन्ही टोकांना, २.८ वर, समोरच्या दुकानाच्या पाटीचे. पाटीची डावी-उजवी बाजू सारखी शार्प आहे का ते झूम करून बघा. दुकानदार कंटाळतो. कंटाळू दे. बिल पक्कं आणि वॉरंटी भारतातली हवी. ‘बिना बिल’चा जो भाव सांगतात तो ऐकून माझाही पाय घसरणार होता. दोन लेखांचे चेक वेळेवर आले असते तर मोहच झाला नसता, पण ते एक वेगळं फीचर आहे.

मावशीचा डीपी

डिसेंबर २०२४. ताईच्या धाकट्या बहिणीचं लग्न. तोच हॉल, तोच पिवळा उजेड, वर आता स्टेजवर जांभळे एलईडी. माझ्याकडे १७-७०.

सगळं जमलं असं नाही. ग्रुप फोटोत मी आळसाने १७ वर जाऊन सगळ्यांना कोंबलं आणि कडेच्या काकू आहेत त्याच्या दीडपट रुंद आल्या. वाइड टोकाला कडेची माणसं ताणली जातात. दोन पावलं मागे जाऊन २५-३० वर यायचं, हे मला माहीत होतं. काकू अजून नीट बोलत नाहीत. दुसरं म्हणजे २.८ च्या नादात जोडीचा एक पोर्ट्रेट असा आला की नवरीच्या पापण्या मोजाव्यात आणि एक पाऊल मागे असलेला नवरा मात्र धुक्यात. दोघं पुढे-मागे असतील तर ४ किंवा ५.६ वर यायला हवं. मोठं उघडणाऱ्या लेन्सला बारीकही करता येतं. उलटं होत नाही.

मंगलाष्टकांच्या वेळी मात्र मी आधीच जागा धरून ठेवली. स्टेजच्या डाव्या बाजूला, पहिल्या रांगेपासून दहा-बारा फूट. लेन्स ७० वर, २.८, शटर १/१६०, आयएसओ तोच ६४००. अंतरपाट दूर झाला, सगळ्यांचे कॅमेरे आणि मोबाइल नवरा-नवरीकडे. मी पाठ फिरवून पहिल्या रांगेकडे पाहत होते. आजीच्या त्या खुर्चीशी मावशी उभी होती. तिनं अक्षता टाकल्या आणि हात तसाच वर राहिला. तीन फोटो मिळाले. एकात तांदळाचे दाणे हवेत आहेत. थोडा ग्रेन आहे, असू दे.

प्रिंट घेऊन गेले तेव्हा मावशी बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘आईसारखी दिसते गं मी यात.’

‘मोठा करून फ्रेम करून आणू?’

‘भिंतीवर नको गं बाई, मी अजून आहे!’

तेव्हापासून तो तिचा व्हॉट्सॲपचा डीपी आहे. तोही कोणीतरी कापून, खाली गुलाबाची फुलं लावून दिलेला.